उतरवलेला माल

कंपनीनं थेडा रेमर्सच्या हातात हातोडा दिला, तो दिवस कंपनीला महागात पडला.

तेव्हा थेडा त्यांच्याकडे पगारी मेकॅनिक होती. फोटो लॅबमधली ती कपाटाएवढी यंत्रं असतात ना, एका तोंडानं कोऱ्या कागदाचं भेंडोळं गिळतात, लेझरनं त्यावर चित्र उमटवतात, रसायनांच्या टाक्यांतून त्याला आंघोळ घालतात आणि दुसऱ्या तोंडानं कोणाचं तरी लग्न कोरडं करून बाहेर टाकतात. ती यंत्रं जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, एम्डेनपासून पार डॅनिश हद्दीपर्यंत चालती ठेवणं हे तिचं काम. पुढं कंपनीला शाईवर चालणारी नवी यंत्रं खपवायची झाली. जुनी मरत नव्हती, हीच अडचण. म्हणून वरून हुकूम आला, की बदल्यात आलेल्या प्रत्येक जुन्या यंत्राच्या वायरी कापायच्या आणि लेझरची काच हातोड्यानं फोडायची. म्हणजे सुटा भाग काढून कोणी दुसरं यंत्र जगवायला नको. या खाटीककामाला त्यांनी नाव दिलं होतं 'बाजार स्वच्छ ठेवणे'.

थेडानं साहेबाला विचारलं, "आणि नाही फोडली तर?"

"तर दुसरा कोणीतरी फोडेल."

"मग त्यालाच बोलवा. हातोडा मात्र राहू दे माझ्याकडे. कुंपणाचे खुंट ठोकायला बरा आहे."

गेली ती गेलीच. पुन्हा त्या दारात पाऊल टाकलं नाही. जाताना साहेबाच्या टेबलावर गणवेशाचा कोट काढून ठेवला, तोही उलटा. साहेबानं कोणालातरी सांगितलं म्हणे, बाई चार महिन्यांत परत येईल. त्या साहेबाची खुर्ची केव्हाच मोडीत निघाली. थेडा अजून आहे.

मी तिची समोरची शेजारीण, आल्मूट. आमच्या होल्टरझील गावात कुठल्याही मोर्चाचा फलक बघा, अक्षर माझं असतं. त्यामुळं थेडाची आणि माझी पहिल्यापासून गट्टी, आणि भांडणंही पहिल्यापासून. मी म्हणायची, अगं, हा लढा सगळ्यांचा आहे, सभा घेऊ. ती म्हणायची, सभेनं यंत्राचे रूळ फिरत नाहीत, तू जरा हा पंप धर.

समुद्राच्या बांधाला लागून तिच्या सासऱ्याचा गोठा आहे. गाई गेल्या आणि त्यांच्या जागी यंत्रांची मढी आली. बंद पडलेल्या दुकानांतून, दिवाळं वाजलेल्या लॅबांतून तिनं ओढून आणलेली. कोणाचं पोट उघडं, कोणाचे पंप काढलेले, कोणाचा फक्त सांगाडा. गावातले लोक तिथून जाताना नाक दाबायचे, कारण जुन्या टाक्यांतल्या रसायनाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तिचा नवरा रेंट गरीब स्वभावाचा, पण तोही एकदा म्हणाला, "आमच्या घरात टब आहे, पण तो रुळांना. माणसांनी खाडीत जायचं." खरंच होतं ते. यंत्रात कागद ओढणाऱ्या रुळांवर रसायनाचे खडे जमतात, ते कोमट पाण्यात तास न् तास भिजवावे लागतात, घासले तर रुळाची कातडी जाते. रेंटनं शेवटी अंगणात बादलीनं आंघोळ करायची सवय लावून घेतली आणि वर म्हणायचा, तब्येत सुधारली.

सुटे भाग ती कुठून कुठून मिळवायची, ही एक कलाच. ग्रोनिंगनचा एक डच माणूस तिला बेल्ट द्यायचा आणि बदल्यात तिच्या गावची धुरावलेली बाम मासळी न्यायचा. पोलंडमधली एक बाई यंत्रांच्या जुन्या सर्किट-कार्डांवरचे जळके तुकडे बदलून पाठवायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, फोनवर नुसत्या यंत्राच्या आवाजाची नक्कल करायच्या. "टर्र टर्र?" "नाही, क्र्र्र टक." "आहा!" झालं निदान. आणि गिअर? ते प्लास्टिकचे, त्यांचे दात झिजतात. कंपनी म्हणते, हा भाग आता बनत नाही. थेडा लेअर गावच्या एका कवळ्या बनवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "बाई, मी माणसांचे दात बसवतो." ती म्हणाली, "हेही दातच आहेत, आणि हे बिचारे तक्रार करत नाहीत." त्या माणसानं गिअर बनवून दिला. वर विचारलं, "रंग कोणता? थोडा पिवळट ठेवू का, नैसर्गिक वाटेल."

तर अशी ती. पण गेल्या वर्षापर्यंत तिच्या आसपासच्या एकेका लॅबनं मान टाकली. यंत्रं मेली नाहीत, मालक दमले. किनाऱ्यावर जिवंत यंत्र उरलं एकच, आमच्याच गावातलं, हाब्बो म्युंटिंगाच्या दुकानातलं. ते तिनं स्वतःच्या हातानं बसवलेलं, तिचं पहिलं. सगळ्या किनाऱ्याच्या पोरांचे चर्चमधल्या दीक्षाविधीचे फोटो, रस्त्यावर गोळे फेकायच्या शर्यतींचे फोटो, आणि आता पुन्हा रिळाचे कॅमेरे घेऊन हिंडणाऱ्या पोरीबाळींचे रोल, सगळं हाब्बोकडे.

आणि एका सकाळी हाब्बोच्या यंत्रातून निळी माणसं यायला लागली.

निळी म्हणजे निळीच. वधू बघावी तर आठवडाभर पाण्यात पडलेली. हाब्बो घाबरट. त्याला वाटलं निळा रंग जास्त झाला, म्हणून त्यानं सगळीकडून निळा कमी केला, तशी माणसं आणखी निळी झाली. थेडा आली, एक प्रिंट उजेडात धरला आणि त्याच्या डोक्यात टपली मारली.

"अरे बैला, निळा वाढला नाही, निळा मेलाय. निळा लेझर पडल्याशिवाय कागदावर पिवळा उठत नाही. पिवळा गेला म्हणून सगळे बुडालेले दिसतात. एवढी वर्षं झाली, आणि तू निळा कमी करतोस?"

"मग दुसरा लेझर टाक ना."

थेडानं प्रिंट खाली ठेवला. निळे लेझर सगळ्यांत आधी मरतात. गोठ्यातल्या प्रत्येक मढ्याचा निळा आधीच संपलेला होता. कंपनीला फोन केला, तर तिथल्या पोरानं गोड आवाजात सांगितलं की या मॉडेलचं आयुष्य संपलेलं आहे. थेडा म्हणाली, "तुझं कोण ठरवतं रे?" आणि फोन ठेवला.

हाब्बो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला, थेडाकडे जायची छाती झाली नाही म्हणून. "आल्मूट, तू सांग तिला. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा मागतोय. यंत्राच्या कोपऱ्यासकट. शुक्रवारी मोजमाप घ्यायला येतोय. यंत्र त्याआधी चाललं तर ठीक, नाहीतर मी सही करणार. मला आता ही काळजी नको."

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्याचंही चूक नव्हतं. निळ्या नवऱ्यामुलाचे पैसे कोण देणार?

शुक्रवारी सकाळी थेडा माझ्या दारात. पायात रबरी बूट, केस विस्कटलेले, तोंडात मनुकांच्या पावाचा तुकडा.

"चल. एम्डेनच्या त्या कुलूप लागलेल्या स्टुडिओतलं यंत्र निघालंय. म्हातारा गेला ना तिथला, त्याच्या मुलीनं सगळं डेपोत पाठवलं. माझं तिच्याशी आत्ताच बोलणं झालं. ती म्हणते, हवं ते घ्या, पण ट्रक केव्हाच गेला."

"निळा चालू आहे त्याचा?"

"दुकान चालू होतं तेव्हा म्हातारा रोज संध्याकाळी यंत्र थंड करून झाकण उघडं ठेवून जायचा. असल्या माणसाचा निळा मरत नाही."

जिल्ह्याचा कचरा डेपो गावाबाहेर कालव्याशी आहे. तिथला प्रमुख विल्को डीकेना. त्याचं माझं जुनं वैर, कारण चांगल्या चालत्या सायकली तो क्रेनखाली घालतो आणि मी दर वर्षी त्याच्या फाटकासमोर फलक घेऊन उभी राहते. आम्ही पोचलो तेव्हा ट्रक आत शिरलेला, मागचं दार उघडं, यंत्र आत पट्ट्यांनी बांधलेलं, ड्रायव्हर फोल्कमार पट्टे सोडतोय.

"मोइन," थेडानं आमच्याकडचा रामराम घातला.

"मोइन," डीकेना म्हणाला. मग मला बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "या बाई पण का?"

"मोइन मोइन, डीकेनाराव," मी म्हटलं.

"एकदा पुरे. दोनदा म्हणणारी माणसं बडबडी असतात."

थेडानं सरळ सांगितलं, "त्या यंत्रातली निळ्या लेझरची डबी आणि तिचं कार्ड हवंय. मुलीची परवानगी आहे. बाकीचं तुमच्या क्रेनला घाला."

"नाही रेमर्स बाई. आत आलेलं बाहेर जात नाही. एकाला दिलं की उद्या सगळा गाव पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन येईल."

"येऊ दे की!" मी म्हटलं. "लाज वाटते का? चालती वस्तू चिरडायला तुम्हाला जिल्हा पगार देतो, आणि ती वाचवणारीला तुम्ही चोर म्हणता?"

"मी चोर म्हणालो नाही."

"तोंड म्हणालं नाही, डोळे म्हणाले."

"आल्मूट, गप," थेडा म्हणाली. ती फाटकावरच्या फलकाकडे बघत होती. तो फलक डीकेनानं स्वतः लावलेला. जिल्ह्याच्या कचेरीनं पाठवलेला मजकूर त्याला गुळमुळीत वाटला म्हणून त्यानं स्वतः शब्द बसवले होते आणि त्याचा त्याला फार अभिमान. 'उतरवलेला माल जिल्ह्याच्या मालकीचा. तो नेणे ही चोरी.'

"उतरवलेला," थेडा म्हणाली. "हे तर अजून ट्रकवर आहे."

डीकेनाचा चेहरा पडला. माणूस चिडका, पण शब्दाचा पक्का. स्वतःच्या फलकाशी खोटं बोलणं त्याला जमेना. तो फोल्कमारकडे वळला. "उतरव. आत्ता."

आणि फोल्कमारनं घड्याळ बघितलं, पट्टा खाली टाकला आणि हात पुसले. "अकरा वाजले."

आमच्याकडे अकराच्या चहाला क्रेन उभी राहते, बोट उभी राहते, बाळंतपण सोडून सगळं उभं राहतं. आणि त्या वेळी दारात जो उभा असेल त्याला चहाला बोलवावंच लागतं, मग तो तुमचा वैरी का असेना. डीकेनानं दात ओठ खाल्ले आणि म्हणाला, "या. दोघीही."

"मी चहा पीत नाही," थेडा म्हणाली.

सगळे थांबले. फोल्कमारनं टोपी काढली. आमच्याकडे चहा न पिणारं माणूस म्हणजे एकतर परदेशी, नाहीतर शेवटच्या घटकेला टेकलेलं.

"काय झालंय त्यांना?" डीकेनानं मला हळूच विचारलं.

"डॉक्टरांनी बंद केलाय," मी म्हटलं. "पोट."

"अरेरे," तो म्हणाला, अगदी मनापासून.

आम्ही तिघं आत निघालो तशी थेडानं माझ्या दंडाला चिमटा काढला. "चमचा घालू नकोस," ती पुटपुटली. "मी सांगेपर्यंत चमचा घालू नकोस. आणि भांडू नकोस."

एवढंच. बाकी मला कळलं. कपात चमचा घातला की पुरे झालं. चमचा बशीत आहे तोवर यजमानानं ओतत राहायचं, आणि पाहुणा पीत असताना टेबलावरून कोणी उठायचं नाही.

केबिनमध्ये किटलीखाली मेणबत्ती जळत होती. डीकेनानं कपात खडीसाखर टाकली, वर चहा ओतला, ती तडकली. मग मलई कपाच्या कडेनं, घड्याळाच्या उलट्या दिशेनं सोडली. वेळ थांबतो म्हणतात त्यानं. मी मनात म्हटलं, थांबव बाबा, आज थांबवच.

पहिला कप झाला. दुसऱ्याला डीकेना म्हणाला, "तुमचा मागच्या वर्षीचा फलक. माझ्या नावात एकच 'क' लिहा. दोन लिहिले होते."

माझ्या जिभेवर जे आलं ते मी चहाबरोबर गिळलं. "लिहीन," म्हटलं. आयुष्यात इतका कडू चहा प्यायले नाही.

तिसरा झाला. फोल्कमारनं चमचा घातला, डीकेनानंही घातला. दोघं माझ्या कपाकडे बघायला लागले. माझा चमचा बशीत.

"अजून?" डीकेना म्हणाला.

"तहान लागलीय."

चौथा. पाचवा. फोल्कमार चुळबुळ करायला लागला. "मी जरा ट्रककडे..."

"बस खाली!" मी ओरडले. "पाहुणी पीत असताना उठतोस? आईनं हेच शिकवलं का तुला?"

तो बसला. डीकेनानं सहावा ओतला, आणि ओतता ओतता त्याचा हात थांबला. खिडकीतून त्याला ट्रकचं फक्त नाकाड दिसत होतं. पण ट्रक हलत होता. बारीक, लयीत, आत कोणीतरी काहीतरी जोरात पिळत असल्यासारखा.

"त्या बाईंना पोटाचं काही नाही," डीकेना सावकाश म्हणाला.

"डॉक्टरांना विचारा."

आता त्याची पंचाईत. मी चमचा घातलेला नाही, म्हणजे यजमान म्हणून त्याला मला सोडून जाता येत नाही. पण ट्रक तर हलतोय. मग या माणसानं जे केलं त्यासाठी मी त्याला अर्धी सलामी देईन, पुरी नाही. त्यानं एका हातात किटली घेतली, दुसऱ्या हातात मलईचं भांडं, आणि म्हणाला, "तुमचा कप घ्या, बाई. चहा बाहेर पिऊ."

अशी आमची वरात निघाली. पुढं किटली, मागं मी कपबशी घेऊन, शेवटी फोल्कमार.

यंत्र चाकांवरून ट्रकच्या अगदी कडेला ओढून आणलेलं, मागच्या लिफ्टच्या पत्र्यावर उभं. कंबरेपर्यंत थेडा त्याच्या पोटात, बाहेर नुसते रबरी बूट. आतून शिव्या येत होत्या. कार्ड बाहेर निघालं होतं, तिच्या जॅकेटवर नीट ठेवलेलं. डबी अजून आत.

"रेमर्स बाई! बाहेर या!"

"एक स्क्रू राहिलाय," आतून आवाज आला. "गंजलाय मेला."

"मी लिफ्ट खाली घेतो. जमिनीला टेकलं की उतरवलेलं."

"घ्या ना. मी पण आतच आहे. मला पण उतरवा. मग मी पण जिल्ह्याची. रोज जेवायला घालायचं, आणि मी खूप खाते."

"आधी कार्ड घे आणि जा," मी घाबरून म्हटलं. "एक तरी हाती लागू दे."

"वेडी आहेस का? दोन्ही एकत्र जुळवलेली असतात. एका घरचा नवरा आणि दुसऱ्या घरची बायको दिली तर भांडतील. दोन्ही, नाहीतर काही नाही."

डीकेनानं बटणाकडे हात नेला. पण हातात किटली. दुसऱ्या हातात मलई. खाली ठेवायची तर डेपोची चिखल-तेलाची जमीन, आणि त्या जमिनीवर चहाची किटली ठेवणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर अजून जन्मायचाय. त्यानं फोल्कमारकडे बघितलं. "दाब."

फोल्कमारनं बूट बघितले, मग आभाळ बघितलं. "लिफ्ट माझी. मी चहाच्या वेळेत दाबत नाही. पाहुणी पितेय."

मग मी, आल्मूट, जिनं या माणसाविरुद्ध निम्मा गाव उभा केला, मी माझा कप पुढं केला. चमचा बशीत.

"चहा, डीकेनाराव."

तो माझ्याकडे बघत राहिला. मान लाल झाली, कान लाल झाले. आणि त्यानं ओतला. वारा होता तरी थेंब बशीत पडू दिला नाही. मलईसुद्धा सोडली, उलट्या दिशेनं.

आतून 'टक' असा आवाज आला. थेडा मागं सरकत बाहेर आली, कपाळाला ओरखडा, हातात पावाच्या लादीएवढी काळी डबी, बाळासारखी धरलेली. तिनं डबी जॅकेटमध्ये गुंडाळली, खाली उडी मारली, आणि माझ्या बशीतला चमचा उचलून माझ्या कपात खळकन टाकला.

"आता दाबा बटण," ती डीकेनाला म्हणाली. "माल तुमचा."

"तुम्हा दोघींना या डेपोत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही," डीकेना म्हणाला.

"पाऊल नाही ठेवणार," थेडा म्हणाली. "ट्रकवरच भेटू."

मी तोवर डेपोच्या संडासाकडे धावले होते. बंदी झाली तर झाली, सात कप होते ते.

हाब्बोच्या दुकानात पोचलो तर कव्हरवाला आधीच आलेला. टापटीप माणूस, हातात टेप, यंत्राच्या कोपऱ्यात वाकून भिंत मोजत होता. हाब्बो गल्ल्यामागं उभा, समोर कराराचा कागद आणि टोपण काढलेलं पेन.

"बाजूला हो," थेडा कव्हरवाल्याला म्हणाली.

"माफ करा, मी मोजमाप..."

"तुझ्या मागं ओली रसायनं आहेत आणि पँट पांढरी आहे. तुझी मर्जी."

तो दारापर्यंत सरकला. थेडानं यंत्र उघडलं. मी टॉर्च धरला. मेलेला निळा निघाला, म्हाताऱ्याचा निळा बसला, त्याच्या शेजारी त्याचं कार्ड. काचेला तिनं बोट लागू दिलं नाही. माझा श्वास जवळ गेला तरी ओरडली. मग यंत्र तापायची वाट. कव्हरवाल्यानं टेप गुंडाळला, पुन्हा उलगडला.

हाब्बोनं गोळाफेकीच्या शर्यतीतल्या बायकांचा फोटो लावला. बांधावरच्या रस्त्यावर उभ्या बारा-तेरा बायका, हातात गोळे, दारू प्यायलेल्या. पहिला प्रिंट बाहेर आला. हिरवा. बायका नव्हत्या, बेडक्या होत्या.

हाब्बोनं पेन उचललं.

"ठेव ते!" थेडा ओरडली. "नवीन बिऱ्हाड आहे, दोन मिनिटं ओळख तरी होऊ दे त्यांची." तिनं जुळणीच्या पट्ट्या छापल्या, यंत्राला वाचायला दिल्या, आकडे बघून नाक मुरडलं, पुन्हा पट्ट्या छापल्या. मग तोच फोटो परत लावला.

यंत्र गुरगुरलं. कागद टाकीतून टाकीत गेला, ते रुळांच्या आवाजावरून कळतं. शेवटी तो कोरडा होऊन ट्रेमध्ये पडला आणि आम्ही सगळे वाकलो, कव्हरवालासुद्धा.

लाल गाल. थंडीनं फुटलेले, दारूनं तापलेले, बीटासारखे लालबुंद आमच्या बायकांचे गाल. मागं पिवळं गवत, बांधाचा खरा रंग. हाब्बोची बहीण दुसऱ्या रांगेत जीभ काढून.

हाब्बो फोटोकडे बघत राहिला, मग पेनाकडे, मग कव्हरवाल्याकडे. "म्हणजे... मला जरा विचार करू दे," तो म्हणाला.

"विचार तू तीन वर्षं करतोयस," थेडा म्हणाली आणि गिऱ्हाइकांच्या रोलांच्या थांबलेल्या पाकिटांचा अख्खा गठ्ठा त्याच्या सहीच्या कागदावर आपटला. "आता छाप."

हाब्बोनं पेनाला टोपण लावलं आणि पहिलं पाकीट फाडलं.